लेटंट क्लास, छुपे गट आणि सर्व्हेचा डेटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबाग इकडून एमए, एमएसडब्ल्यू आणि पीएचडीवाल्यांचे मेसेज येत असतात, बहुतेक रात्री अकरानंतर आणि बहुतेक सबमिशनच्या आदल्या आठवड्यात. सर्व्हेच्या उत्तरांतून छुपे गट कसे काढायचे, यावरचे प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून सगळे एका जागी लिहून टाकतेय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: पावसाळी मासेमारी बंदीत घर कसं चालवता, यावर बंदरातल्या घरांना विचारलेले हो-नाही प्रश्न. त्यातले आकडे समजावण्यापुरते मी बनवलेत, कुणी उचलून थिसिसमध्ये टाकू नका. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे दुसरं उत्तर लागेल तिथे नंबर दिलाय.

१. "लपलेला पॅटर्न" म्हणजे काय? डेटा तर समोर एक्सेलमध्ये आहे, मग लपलंय काय?

एक्सेलमध्ये उत्तरं आहेत, पण कुठली उत्तरं एकत्र येतात आणि का, ते त्यात लिहिलेलं नसतं. समजा शंभरातली पन्नास घरं म्हणाली बंदीआधी पैसे बाजूला काढतो आणि पन्नास घरं म्हणाली व्यापाऱ्याकडून उचल घेतो. आता ही पन्नास-पन्नास वेगळी घरं आहेत की तीच घरं दोन्ही करतात? टक्केवारीच्या टेबलात हे कळतच नाही, आणि आपल्याकडे निम्मे रिपोर्ट त्या टेबलावरच संपतात. लेटंट क्लास मॉडेल (लेटंट म्हणजे छुपा) असं धरून चालतं की प्रत्येक घर एखाद्या प्रकारात मोडतं, तो प्रकार आपण विचारलेला नाही, पण उत्तरं त्याच्यामुळे तशी आलीत. मग उत्तरांवरून मागे मागे जात प्रकाराचा अंदाज बांधायचा.

ही युक्ती जुनी आहे आणि गंमत म्हणजे ती सुरू झाली खेकड्यांपासून. वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने नेपल्सच्या उपसागरातले हजार खेकडे मोजले, कपाळाची रुंदी आणि शरीराची लांबी यांचं गुणोत्तर काढलं, तर आलेख नेहमीसारखा सरळ घंटेच्या आकाराचा न येता एका बाजूला कललेला आला. कार्ल पिअर्सनने १८९४ मध्ये दाखवलं की दोन वेगवेगळे नॉर्मल वक्र एकमेकांत मिसळले तर हा आकार बरोबर जुळतो, आणि त्यासाठी त्याला नवव्या घाताचं समीकरण हाताने सोडवावं लागलं. आता आकार जुळला म्हणजे तिथे खरंच दोन जाती होत्या का? हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत आपल्या मागे आहे, त्यावर १७ मध्ये बोलू.

२. फॅक्टर ॲनालिसिस आणि एलसीए दोन्ही लपलेलंच शोधतात, मग मी कोणतं घेऊ?

लपलेली गोष्ट कशी आहे असं तुम्हाला वाटतं, त्यावर. कमी-जास्त होणारी एखादी गोष्ट असेल, म्हणजे बंदीच्या काळातली काळजी वगैरे, तर फॅक्टर ॲनालिसिस. स्पिअरमनने १९०४ मध्ये मुलांच्या वेगवेगळ्या विषयांतल्या गुणांमागे एकच सर्वसाधारण बुद्धिमत्ता आहे असं मांडलं, तिथून ते सुरू झालं. लपलेली गोष्ट प्रकार असेल, म्हणजे घर चालवायच्या तीन-चार वेगळ्या तऱ्हा, तर लेटंट क्लास ॲनालिसिस, ज्याला सगळे एलसीए म्हणतात. त्याची मांडणी लाझार्सफेल्डने १९५० च्या सुमारास केली आणि गुडमनने १९७४ मध्ये त्याचं गणित वापरता येईल असं करून दिलं. उत्तरं हो-नाही नसून रुपये, तास, दिवस अशी असतील तर त्याच कल्पनेला लेटंट प्रोफाइल ॲनालिसिस म्हणतात.

हे डेटा हातात येण्याआधी ठरवायचं असतं. नंतर ठरवलं तर जे छान दिसतं ते घेतलं जातं.

३. के-मीन्सने गट पाडले, एसपीएसएसमध्ये दोन मिनिटांत झालं. चालेल ना?

के-मीन्सला तीन गट सांगितले की तीन देतो, सात सांगितले की सात, अगदी रँडम आकडे टाकले तरी देतो. हो-नाही उत्तरांसाठी तो बनलेलाच नाही, आणि एक कॉलम रुपयांत आणि दुसरा १ ते ५ मध्ये असेल तर रुपयांचा कॉलम बाकीच्यांना खाऊन टाकतो. वर कुठलं घर किती खात्रीने कुठल्या गटात हे तो सांगत नाही, ज्याची गरज ४ आणि १२ मध्ये लागेल. पहिली नजर टाकायला ठीक. शोधनिबंधाचा सगळा भार त्यावर टाकू नका.

४. मॉडेल आतमध्ये नक्की करतं काय? गाईडने विचारलं तर काय सांगू?

एका घराचं गणित हाताने करून बघा, मग भीती जाईल. समजा मॉडेलला दोन गट सापडले. पहिला ६० टक्के घरांचा, दुसरा ४० टक्के. प्रश्न तीन: बंदीआधी पैसे बाजूला काढता का, व्यापाऱ्याकडून उचल घेता का, बंदीत दुसरं काम करता का. पहिल्या गटात "हो" म्हणायची शक्यता अनुक्रमे ०.८, ०.२, ०.५ आणि दुसऱ्यात ०.३, ०.९, ०.४.

आता एक घर आलं, उत्तरं हो, हो, नाही. हे घर पहिल्या गटातलं असेल तर ०.६ × ०.८ × ०.२ × ०.५, म्हणजे ०.०४८. शेवटचा ०.५ कारण "नाही" ची शक्यता १ वजा ०.५. दुसऱ्या गटातलं असेल तर ०.४ × ०.३ × ०.९ × ०.६, म्हणजे ०.०६४८. दोन्हींची बेरीज ०.११२८. भागाकार केला की पहिल्या गटात असायची शक्यता ४३ टक्के, दुसऱ्यात ५७.

म्हणजे सॉफ्टवेअर या घरासमोर "गट २" छापेल आणि तुम्ही एक्सेलमध्ये २ लिहून मोकळे व्हाल, पण मॉडेल स्वतः म्हणतंय की जवळजवळ नाणेफेक आहे! हे ५७ टक्के डोक्यात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ यात आहे.

राहिलं ते ०.६, ०.८ वगैरे आकडे कुठून आले. मॉडेल आधी काहीही आकडे धरतं, त्यावरून वरच्यासारखी प्रत्येक घराची शक्यता काढतं, त्या शक्यतांवरून आकडे सुधारतं, परत शक्यता काढतं, असं फिरत राहतं आणि फरक पडेनासा झाला की थांबतं. याला ईएम अल्गोरिदम म्हणतात, डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांचा १९७७ चा पेपर. गाईडला एवढं पुरतं.

आणि एक बघा, वर मी शक्यतांचा सरळ गुणाकार केला. तो तेव्हाच चालतो जेव्हा गट कळल्यावर उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. ही अट मोडली तर काय होतं ते १५ मध्ये.

५. सॅम्पल किती लागतं? गाईड म्हणतात शंभर पुष्कळ झाले.

पक्का नियम नाही, पण साधारण तीनशेच्या वर असावं असं लोक धरून चालतात. शंभर घरांत ५ टक्क्यांचा गट म्हणजे पाच घरं, त्यावर काय बोलणार? गट एकमेकांपासून खूप वेगळे आणि प्रश्न चांगले असतील तर कमीत भागतं, गट जवळजवळचे असतील तर पाचशेही अपुरे पडतात.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. सर्व्हे गावागावात जाऊन केलेला असतो, आणि एका वाडीतली घरं एकमेकांसारखी वागतात, कारण व्यापारी तोच, बचत गट तोच, जेटी तीच. पंधरा गावांत वीस-वीस घरं घेतली म्हणजे कागदावर तीनशे. पण गावातल्या घरांचं आपसातलं साम्य ०.०५ एवढं थोडंसं असलं तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे सॅम्पल किती पटीने कमी कामाचं होतं तो आकडा, येतो १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. तीनशे भागिले १.९५ केलं तर माहिती साधारण १५४ घरांएवढीच आहे. जमलं तर गावं वाढवा, एका गावातली घरं कमी करा. एसटीचा खर्च वाढेल, मान्य.

६. प्रश्न कमीत कमी किती हवेत? माझ्याकडे चारच आहेत.

तीन हो-नाही प्रश्नांतून जेमतेम दोन गट काढता येतात, तेही तपासायला काही शिल्लक न ठेवता: उत्तरांचे प्रकार आठ, त्यातून स्वतंत्र माहिती सात, आणि दोन गटांच्या मॉडेलला लागतात सातच आकडे, एक गटाच्या आकाराचा आणि सहा शक्यतांचे. चार प्रश्न असले की लोकांना वाटतं तीन गट निघतील, कारण हिशोबाने १५ मधून १४ गेले आणि एक उरला. पण हो-नाही चार प्रश्न आणि तीन गट हा फसवा केस म्हणून प्रसिद्ध आहे, हिशोब बसतो तरी उत्तर एकमेव येत नाही, वेगवेगळे आकडे डेटाशी तितकेच जुळतात. आणि सॉफ्टवेअर आउटपुट छापतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सहा ते दहा चांगले प्रश्न ठेवा. वीस टाकू नका, उन्हात जेटीवर उभं राहून कोण देतंय वीस उत्तरं.

७. गट किती घ्यायचे हे कोण ठरवतं? बीआयसी एक सांगतो, एआयसी दुसरंच.

शेवटी तुम्ही ठरवता, पण कारण देऊन.

एक गट, दोन, तीन असं सहापर्यंत मॉडेल चालवा आणि प्रत्येकाचे आकडे एका टेबलात लिहा. गट वाढला की मॉडेल डेटाला जास्त चिकटणारच, म्हणून वाढीव आकड्यांचा दंड लावायचा असतो. एआयसी आणि बीआयसी हे असा दंड धरून काढलेले निकष, कमी तितके चांगले. एआयसी प्रत्येक आकड्यामागे २ दंड लावतो. १९७८ मध्ये श्वार्झने मांडलेला बीआयसी सॅम्पलच्या लॉगइतका लावतो, म्हणजे तीनशे घरांना ५.७. आठ हो-नाही प्रश्न असतील तर एक गट वाढवला की नऊ आकडे वाढतात, एआयसीच्या हिशोबाने दंड १८ आणि बीआयसीच्या हिशोबाने ५१. म्हणूनच एआयसी जास्त गटांकडे झुकतो, त्यात गूढ काही नाही. निलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बनावट डेटावर हे सगळे निकष घासून बघितले, त्यात या निकषांपैकी बीआयसी आणि टेस्टपैकी बूटस्ट्रॅप लाइकलिहूड रेशो टेस्ट (एक गट कमी असलेल्या मॉडेलशी तुलना करणारी) चांगली ठरली. मी बीआयसीपासून सुरुवात करते.

त्यानंतर माणसासारखं बघा. चौथा गट तिसऱ्यातून फुटलेला दिसतोय का, की खरंच काही नवीन सांगतोय? त्यात किती घरं आहेत? ती घरं एकाच गावातली तर नाहीत ना? "चार गट छान दिसतात" हे कारण नव्हे, आणि "एका परदेशी पेपरमध्ये चार आले होते" हेही नव्हे. काय-स्क्वेअर फिटच्या पी व्हॅल्यूवर मात्र विसंबू नका, आठ प्रश्नांचे २५६ उत्तर-प्रकार होतात आणि घरं तीनशे, बहुतेक खाने रिकामे, ती पी व्हॅल्यू बोलण्याच्या लायकीची राहत नाही.

८. एन्ट्रॉपी ०.६२ आली. ०.८ पाहिजे म्हणतात. मॉडेल फुकट गेलं का?

नाही. एन्ट्रॉपी एवढंच सांगते की घरं गटांमध्ये किती स्वच्छ वाटली गेली, ४ मधलं ५७ टक्क्यांचं घर जितकं जास्त तितकी ती खाली. गट किती घ्यायचे ते ठरवायला ती वापरू नका. कमी आली तर एवढंच करा की प्रत्येक घरावर शिक्का मारून पुढची टेस्ट करायचा मोह टाळा, १२ बघा.

आणि आर या सॉफ्टवेअरमधलं एलसीएचं पॅकेज पोएलसीए वापरत असाल तर एक सापळा: त्यातलं एन्ट्रॉपी नावाचं फंक्शन ही एन्ट्रॉपी देत नाही, ते उत्तरांच्या एकत्रित टेबलाची एन्ट्रॉपी देतं. तो आकडा १ च्या वर आला म्हणून घाबरून आलेले मेसेज माझ्याकडे आहेत. हवी ती एन्ट्रॉपी प्रत्येक घराच्या शक्यतांवरून वेगळी काढावी लागते.

९. तेच मॉडेल परत चालवलं तर गट १ चा गट ३ झाला, आणि एकदा तर आकडेच बदलले. बग आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंबर बदलणं निरुपद्रवी, मॉडेलला १, २, ३ मध्ये काही क्रम नसतो, म्हणून टेबलात लिहिताना तुम्ही क्रम ठरवून टाका. आकडे बदलणं मात्र गंभीर. ईएम जिथून सुरू होतो त्यावर तो लॉग-लाइकलिहूडच्या (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्या आकड्याच्या) कुठल्या शिखरावर पोचतो हे अवलंबून असतं, आणि जवळच्या बुटक्या शिखरावरही तो खुशाल थांबतो. पोएलसीएमध्ये मुद्दाम सांगितलं नाही तर एकदाच सुरुवात होते. एनरेप (किती वेळा नव्याने सुरुवात करायची) ५० किंवा १०० ठेवा, सीड (रँडम सुरुवातीचा नंबर) लिहून ठेवा, आणि सगळ्यात चांगली लॉग-लाइकलिहूड पुन्हा पुन्हा येतेय का बघा. शंभरात एकदाच आली असेल तर त्या मॉडेलवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, बहुधा डेटाच्या मानाने गट जास्त झालेत.

१०. आर एरर देतंय, व्हेरिएबलमध्ये पॉझिटिव्ह इंटिजर नाहीत म्हणतंय. डेटा तर बरोबर आहे.

तुम्ही हो-नाही १ आणि ० मध्ये भरलंय. पोएलसीएला ० चालत नाही, १ पासून मोजणी लागते. सगळ्या कॉलममध्ये १ मिळवा, झालं. नंतर टेबल वाचताना २ म्हणजे "हो" हे विसरू नका.

११. बरीच उत्तरं रिकामी आहेत. ती घरं काढून टाकू?

तुम्ही काढली नाहीत तरी पोएलसीए गुपचूप काढतं, त्याची एनए.आरएम नावाची सेटिंग मुळात ट्रू असते. ती फॉल्स करा, मग अर्धवट उत्तरं दिलेली घरंही मोजली जातात. एकूण एन किती उरला ते आउटपुटमध्ये आधी बघायची सवय लावा.

पण रिकामी जागा का रिकामी आहे, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. दुपारी गेलात, तांडेल (बोटीचा प्रमुख) झोपलेला किंवा समुद्रात, उत्तरं बाईने दिली आणि व्यापाऱ्याच्या उचलीचा प्रश्न आला तेव्हा "ते त्यांनाच विचारा" म्हणाली. आता उचलीची उत्तरं नेमकी त्याच घरांत रिकामी जिथे पुरुष बाहेर आहे, आणि कदाचित उचल तिथेच जास्त आहे. असं असेल तर एनए.आरएमने काही सुटत नाही. फॉर्मवर उत्तर कोणी दिलं आणि किती वाजता, हे दोन रकाने टाका. फुकट आहेत.

१२. गट मिळाले. आता प्रत्येक घराचा गट नंबर घेऊन शिक्षणाशी क्रॉसटॅब आणि काय-स्क्वेअर, बरोबर?

सगळे हेच करतात आणि इथेच घोळ होतो. ४ मधलं ५७ टक्क्यांचं घर आठवा, ते आणि ९९ टक्क्यांचं घर तुम्ही सारखंच धरताय. चुकीच्या गटात पडलेल्या घरांमुळे शिक्षण आणि गट यांचा संबंध आहे त्यापेक्षा कमी दिसतो, मग लोक लिहितात "संबंध आढळला नाही". यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत आहे, म्हणजे आधी मॉडेल, मग घरांची वाटणी, मग वाटणीत किती चूक आहे ते हिशोबात धरून पुढचं विश्लेषण. बोल्क, क्रून आणि हागेनार्स यांनी २००४ मध्ये आणि वर्मुंटने २०१० मध्ये ती दुरुस्ती नीट मांडली. एमप्लस आणि लेटंट गोल्डमध्ये ती तयार मिळते पण दोन्ही विकतची, पायथनमध्ये स्टेपमिक्स फुकट आहे. शिक्षण, वय असली कारणंच तपासायची असतील तर पोएलसीएमध्ये ती मॉडेलमध्येच घालता येतात.

१३. गटांना नावं देऊ का? मी "नियोजन करणारे" आणि "बेफिकीर" अशी दिलीत.

पहिलं ठीक. दुसरं काढा. उचल घेणाऱ्या घरात बघितलंत तर बरेचदा खलाश्याचं घर असतं, बोट वर ओढली की त्याचा वाटा बंद, मग पुढच्या हंगामाची उचल हाच त्याचा पगार. तो बेफिकीर कसा? नाव उत्तरांवरून द्या, स्वभावावरून नको: "बंदीत उचलीवर चालणारी घरं". लांबलचक वाटतं, वाटू दे. आणि टेबलात नावाच्या शेजारी शक्यतांचे आकडे ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला पटलं नाही तर तो स्वतःचं नाव देईल.

१४. त्याच घरांना मार्च, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये विचारलंय. तीन वेगवेगळे एलसीए करू?

तीन वेगळे केलेत तर मार्चचा गट २ आणि जुलैचा गट २ एकच आहे हे कोण सांगणार? लेटंट ट्रान्झिशन मॉडेल घ्या, त्यात गटांचा अर्थ तिन्ही वेळा सारखा ठेवून कुठलं घर कुठून कुठे सरकलं ते निघतं. रोजच्या नोंदी असतील, साठ-सत्तर दिवसांचा खर्च वगैरे, तर हिडन मार्कोव्ह मॉडेल, आरमध्ये डेपमिक्सएसफोर त्यासाठी आहे.

मोजमाप आकड्यात असेल तर ग्रोथ मिक्स्चरही सुचवतील कोणी, म्हणजे काळानुसार आकडा कसा बदलतो त्यावरून गट काढणारं मॉडेल. त्यात एक धोका आहे जो बावर आणि करन यांनी २००३ मध्ये दाखवला: सगळी माणसं एकाच गटातली असली तरी नुसतं वितरण कललेलं असेल तर हे मॉडेल दोन-तीन गट काढून दाखवतं. आणि रुपयांतलं उत्पन्न, कर्ज, खर्च, हे कललेलं नाही असं कधी बघितलंय का?

१५. दोन प्रश्न जवळजवळ सारखेच होते, "उचल घेता का" आणि "उसने घेता का". फरक पडतो?

पडतो. ४ मधला गुणाकार म्हणतो की गट कळल्यावर उत्तरं स्वतंत्र. हे दोन प्रश्न तर जुळे आहेत, एकाला हो म्हणणारा दुसऱ्यालाही म्हणणार. मॉडेलला हे जास्तीचं साम्य समजावता येत नाही, मग ते बिचारं एक नवा गट उभा करतं, ज्यात फक्त हेच दोन आकडे वर असतात. असा गट दिसला की एक प्रश्न काढून किंवा दोन्ही मिळून एक करून परत चालवा. गट गायब झाला तर तो कधी नव्हताच.

१६. हर्णैचा आणि मालवणचा डेटा एकत्र करून एकच मॉडेल चालेल का? प्रश्न तर तेच होते.

कागदावर तेच होते. पण बंदी यांत्रिक बोटींना आहे, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. हर्णैला ट्रॉलरवाल्याला "बंदीत दुसरं काम करता का" विचारलं तर त्याची बोट वर आहे, तो आंब्याच्या बागेतलं, गवंडीकामाचं काहीतरी सांगेल. मालवणला रापणवाल्याला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला) तेच विचारलं तर तो म्हणेल नाही, कारण समुद्र देईल तेव्हा तो आपलंच काम करतोय. प्रश्न एकच, पण दोघांसाठी त्याचा अर्थ एक नाही. एकत्र टाकलंत की मॉडेल इमानदारीत दोन गट देईल, तुम्ही त्यांना "कष्टाळू" आणि "आळशी" म्हणाल आणि प्रत्यक्षात ते ट्रॉलर आणि रापण असतील.

आधी दोन्हीकडे वेगळं चालवून बघा, गटांची संख्या आणि आकार जुळतात का. मग एकत्र करून एकदा शक्यता दोन्हीकडे सारख्या बांधून आणि एकदा मोकळ्या सोडून तुलना करा. याला मोजमापाची समानता तपासणं म्हणतात, मल्टिग्रुप एलसीएमध्ये होतं. एखाद-दुसराच प्रश्न वेगळा वागत असेल तर तेवढा मोकळा सोडता येतो. मालवणीत विचारलेले फॉर्म आणि पुस्तकी मराठीत विचारलेले फॉर्म असतील तरी हीच तपासणी.

१७. पण हे गट खरे असतात का? की मॉडेलने बनवलेले?

पिअर्सनच्या खेकड्यांचाच प्रश्न. मॉडेल एवढंच म्हणतं की असे गट आहेत असं धरलं तर हा डेटा नीट समजतो. गट असण्याची इतर कारणंही तितकीच नीट बसू शकतात, आणि माझ्या बघण्यात आपल्याकडे ती कारणं गणितापेक्षा सर्व्हेतच जास्त सापडतात.

एकीने अर्धे फॉर्म स्वतः भरले, अर्धे मैत्रिणीने. तिसरा गट निघाला, सगळ्याला हो म्हणणारा, आणि तो जवळजवळ पूर्ण मैत्रिणीच्या फॉर्ममधून. मैत्रीण त्याच गावची, तिचे काका व्यापारी, लोक तिच्यासमोर कशाला नाही म्हणतील? दुसरं म्हणजे हंगाम. १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यात बंदरात गेलात तर नेपाळचे खलाशी गावी गेलेले, म्हणजे तो अख्खा प्रकार डेटात नाहीच. नारळी पौर्णिमेच्या पुढेमागे गेलात तर सगळे जाळी आणि डिझेलच्या गडबडीत, खर्चाची उत्तरं वेगळी. गणपतीत गेलात तर उत्तर द्यायला पुढे येतो विरारहून आलेला मुलगा, ज्याला घरात उचल कुणाकडून येते ते माहीत नाही पण बोलतो मात्र सगळ्यात जास्त. अर्धा सर्व्हे जुलैत आणि अर्धा सप्टेंबरात केलात तर दोन "वर्तनगट" मिळतील, ते कॅलेंडरचे असतील.

म्हणून गट मिळाले की पहिलं टेबल हे करा: गट विरुद्ध फॉर्म भरणारा, गट विरुद्ध महिना, गट विरुद्ध गाव, गट विरुद्ध उत्तर देणारा कोण. चाचणी करायची गरज नाही, नुसतं बघा. यातून टिकला तर डेटाचे दोन भाग करून दोन्हीत तेच गट येतात का पाहा, आणि शेवटी असं काही शोधा जे मॉडेलला दिलेलं नव्हतं आणि ज्यात हे गट वेगळे दिसायला हवेत, जसं शाळेची फी वेळेवर भरली का.

१८. माझे तीनही गट एकसारखेच आहेत, पहिला सगळ्यात कमी, दुसरा मध्यम, तिसरा जास्त. हे बरोबर का?

प्रत्येक गटाच्या "हो" च्या शक्यतांची रेषा काढा, त्या रेषा एकमेकींना कुठे छेदतच नसतील तर तुमच्याकडे प्रकार नाहीत, एकच कमी-जास्त होणारी गोष्ट आहे आणि तुम्ही तिचे तीन तुकडे केलेत. २ मध्ये परत जा, फॅक्टर किंवा आयटम रिस्पॉन्स मॉडेल (हो-नाही उत्तरांसाठीचा फॅक्टरचाच भाऊ) चालवा आणि बीआयसी शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा साधं मॉडेलच जिंकतं.

१९. एका संस्थेने सर्व्हेला पैसे दिलेत, आता त्या "उचलीवर चालणाऱ्या" घरांची यादी मागतायत. देऊ?

नाही. एक तर तसं सांगून तुम्ही उत्तरं घेतलेली नाहीत. संमतीपत्रात जे लिहिलं होतं तेवढंच, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य संशोधनालाही धरून आहेत आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे, तुमच्या एथिक्स कमिटीला लेखी विचारा. दुसरं म्हणजे ४ मधलं ते घर, ज्याच्याबद्दल मॉडेललाच ५७ टक्के वाटतंय, त्याचं नाव कुठल्या तोंडाने यादीत घालणार? गटाचे आकडे द्या. तेही गाववार नको, चाळीस घरांच्या वाडीत "तीन घरं" म्हटलं की कोणती ते पोरंसोरंही सांगतात.

२०. बीआयसी म्हणतो एकच गट. वर्षभर फिरले, आता व्हायवाला काय दाखवू?

आधी ५, ६ आणि ९ तपासा: सॅम्पल कमी पडलं का, प्रश्न फार थोडे आहेत का, मॉडेल बुटक्या शिखरावर अडकलं का. मग प्रत्येक प्रश्नाची "हो" ची टक्केवारी बघा, ९५ टक्के लोक हो म्हणालेला प्रश्न गट पाडायला काही कामाचा नसतो. एवढं करूनही एकच आला तर तसंच लिहा: या बंदरात, या प्रश्नांवर, घरांचे वेगळे प्रकार दिसले नाहीत. एक ते सहा गटांचं टेबल पूर्ण द्या, सहाचं आउटपुट कितीही आकर्षक असलं तरी. परीक्षक विचारतील की मग वर्तनातला फरक कशाने समजावता, तेव्हा गाव आणि बोटीचा प्रकार घेऊन केलेलं साधं लॉजिस्टिक रिग्रेशन तयार ठेवा.